खर्च दिसला पाहिजे

जुन्या घराचं रूप गेलं की लोक पाऊस, वाळवी आणि भाडेकरू यांच्या नावानं खडे फोडतात. माझं म्हणणं असं की घराचं रूप घालवायला पैसा लागतो, आणि तोही बराच लागतो. भोपाळमध्ये पिपलानीहून इंद्रपुरी-सोनागिरीच्या बाजूला निघावं आणि भेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी बांधलेली जुनी घरं बघत जावं. ज्या घरातला मुलगा अजून हप्ते फेडतोय तिथे जाळीचा व्हरांडा, रोशनदान, चिप्सची फरशी सगळं जागच्या जागी असतं. ज्या घरात एरिअर्स आले ते आता दाताच्या दवाखान्यासारखं दिसतं. म्हणून बजेट कमी पडतंय अशी तक्रार कोणी केली की मी त्याचं अभिनंदन करतो. हे बोलताना माझ्या चेहऱ्यावर वारसा समितीच्या अध्यक्षाचं तेज चढतं, हे मला ठाऊक आहे. अशी समिती नाही, आणि असती तरी मला कोणी शिपाई म्हणूनही घेतलं नसतं.

भोपाळचा मराठी माणूस घराबद्दल बोलायला लागला की 1956 वर जातोच, तेव्हा तेही उरकून घेऊ. त्या साली 1 नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश झाला, नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयाच्या फायलींबरोबर कितीतरी मराठी बिऱ्हाडं इकडे आली. त्याच साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली. इंग्लंडच्या एईआय कंपनीच्या सहकार्यानं उभा राहिलेला तो कारखाना 1960 च्या नोव्हेंबरात नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला, आणि 1974 मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स भेलमध्ये विलीन झाली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा इथली क्वार्टरं या कारखान्यासाठीची. तीस-तीस वर्षं माणसं त्यांत राहिली, अंगणात पेरू आणि कढीपत्ता लावला, मुलींची लग्नं केली आणि निवृत्तीला किल्ली परत दिली. त्यामुळे इथे ज्याला ‘आमचं जुनं घर’ म्हणतात ते बऱ्याचदा कागदोपत्री कधी आमचं नसतंच. पीएफ काढून बाहेर प्लॉटवर जे बांधलं त्यात मग क्वार्टरचीच मांडणी उतरली: समोर व्हरांडा, मागे मोरी आणि अंगण, मधल्या खोल्यांना वर रोशनदान. आर्किटेक्ट नव्हता. सवय होती, आणि सवयीनं बांधलेल्या घराला आपोआप एक चेहरा येतो.

आता चिप्सच्या फरशीबद्दल. या विषयावर मला आवरावं लागतं, आणि मी आवरणार नाही. व्हेनिसच्या कारागिरांनी संगमरवराचे उरलेसुरले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून जी युक्ती काढली तिला जग टेराझो म्हणतं आणि आपला मिस्त्री चिप्स. म्हणजे या फरशीचा जन्मच मुळी काटकसरीतला. सिमेंटात रंग आणि संगमरवराची खडी कालवायची, काचेच्या पट्ट्यांनी पाडलेल्या चौकटींत ओतायची, रोलर फिरवायचा, पाणी मारत ठेवायची आणि मग घासायची. आधी जाड दगडानं, मग बारीक. मध्ये उघडी पडलेली भोकं सिमेंटच्या घोळानं भरायची आणि पुन्हा घासायची. इतकं घासल्यावर खडीचं पोट उघडं पडतं, आणि कुठल्याही दोन चौकटी सारख्या निघत नाहीत. अशी फरशी मंदावली तर फोडायची गरज नसते. मशीननं पॉलिश केली की ती पुन्हा उजळते, आणि त्याला नव्या टाइल्सपेक्षा खर्चही कमी येतो. पण मिस्त्री म्हणतो, ‘साहब, एक बार में सब निकलवा दो.’ मग मलब्याच्या ट्रॉल्या जातात, आणि शोरूममधून जी चकचकीत टाइल येते तिच्यावर हल्लीच्या फॅशनप्रमाणे टेराझोचं चित्र छापलेलं असतं! खरी फोडून तिचा फोटो अंथरायचा, याला इंटिरिअर म्हणतात. जुन्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर खाली वाकून बघा. दोन पावलांपुरती जागा मंद झालेली असते, कारण तिथे एक बाई तीस वर्षं उभी राहिलेली असते. बाजूला पांढऱ्या खडीवर खरबरीत ठिपके असतात. लिंबू-चिंचेचं आंबट संगमरवराला खातं. तेवढी जागा पॉलिशवाल्यानं सोडावी की घासावी, याचा निकाल मला अजून देता येत नाही.

खर्च करूच नका असं कोणी ऐकलं असेल तर त्यानं सोयीचं तेवढंच ऐकलं. पैसे जिथे दिसत नाहीत तिथे घालावेत. जुना जीआय पाइप आतून गंजत गंजत बंद होत जातो. जुन्या वायरिंगवर गीझर आणि एसी चढवणं म्हणजे आगीला निमंत्रण. भोपाळच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडा देते. त्यावर पुट्टी फासली की पुढच्या मेमध्ये तडा पुन्हा हजर. इलाज खाली आहे: पायाशी पाणी मुरू न देणं. फॉल्स सीलिंगचंही तसंच. त्यानं रोशनदान बुजतं, आणि कूलरची दमट हवा बाहेर जायला वाट उरत नाही, म्हणजे खोलीत गारव्याऐवजी चिकचिक. मग एसी घ्यावा लागतो. ही सगळी अक्कल आपल्याला असते, पण वास्तूत आलेल्या पाहुण्याला नवा पाइप दाखवता येत नाही ना! ‘काय सुंदर अर्थिंग केलंय’ असं आजवर कोणी म्हणालेलं नाही. खर्च दिसला पाहिजे, ही खरी अडचण.

यावर एक आक्षेप मला गप्प करतो. घराचं रूप जपा असं ओरडणारे बहुतेक जण त्या घरात राहत नाहीत. ते पुण्यात किंवा न्यू जर्सीत असतात, दिवाळीला येतात, व्हरांड्याचे फोटो काढतात आणि ‘काहीही बदलू नका हं’ असं बजावून विमानात बसतात. इकडे ऐंशीच्या घरातली आई रात्री अंगण ओलांडून संडासाला जाते. अशा वेळी वारसा वगैरे बोलणाऱ्याची मला मनापासून चीड येते, आणि त्यात माझी स्वतःचीही गणना होते. गुडघ्यांपुढे कुठल्याही फरशीची मातब्बरी नाही. आतल्या खोलीला लागून कमोड, भिंतीला धरायला दांडा, उंबऱ्यापाशी उतार आणि रात्रभर जळणारा दिवा, हे आधी. चिप्सची चर्चा नंतर.

राहिला विकण्याचा मुद्दा. टाइल्स बसवल्या की घराला भाव येतो, असं दलाल सांगतो. पण अशा प्लॉटचं गिऱ्हाईक बहुधा जमीन मोजतं आणि घर पाडतं, म्हणजे तुमच्या टाइल्सही मलब्याच्या ट्रॉलीतच जायच्या. तेव्हा या वर्षी पैसे थोडे असतील तर आईचा संडास करून घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीची गळती काढा, कारण जूनच्या मध्यावर पाऊस येतो. टाइल्सचं दुकान दिवाळीनंतरही उघडं असतं.