अनावृत लॉन्सच्या मालकांस अनावृत पत्र

माननीय लॉन्समालक,
गंगापूर रोड, दिंडोरी रोड, आडगाव आणि दोन एकर सपाट रान जिथे जिथे उरलं आहे ते अवघं नाशिक यांसी,

स. न. वि. वि.

पत्रास कारण तुमची पावती. तिच्या मागे बारीक अक्षरांत एक कलम हमखास असतं: नैसर्गिक आपत्तीमुळे कार्यात व्यत्यय आल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. या एका ओळीच्या भरवशावर तुमचा सगळा हंगाम निर्धास्त पार पडतो. सरी कोसळल्या की तुम्ही आभाळाकडे बोट दाखवता, मंडपवाला तुमच्याकडे, केटरर मंडपवाल्याकडे, आणि वधूपिता भिजल्या फेट्यानिशी तिघांकडे आळीपाळीने बघत राहतो. वाऱ्याने आडवी झालेली कमान, मठ्ठ्याच्या पिंपात उतरलेलं छतावरचं पाणी, काळ्या मातीत रुतलेल्या वऱ्हाडाच्या गाड्या, साऱ्याचा कर्ता करविता परमेश्वर. तुमच्याकडे तेवढं भाडं घेण्याचं काम.

पण परमेश्वरावर किती वर्षं ढकलायचं? २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, तुळशीच्या लग्नाचे दिवस चालू असताना, नाशिक जिल्ह्यात वादळी पाऊस आणि गारा झाल्या. निफाडकडच्या द्राक्षबागा झोडपून निघाल्या. हे हंगामाचं एक टोक. दुसरं टोक मे २०२५. लग्नांनी गच्च भरलेल्या त्या महिन्यात पाऊस सुरुवातीपासूनच मुक्कामाला होता, काढणीला आलेला आणि काढून ठेवलेला कांदा शेतात भिजला, आणि मान्सून मुंबईत २६ मेला पोचला. त्याची तिथली नेहमीची तारीख ११ जून. मधल्या मार्च-एप्रिलमधल्या गारपिटीचं तर जिल्ह्याला आता नवलही उरलेलं नाही. म्हणजे तुमच्या हंगामात पाऊस येण्याची शक्यता बुकिंगच्या दिवशीच तुम्हाला ठाऊक असते. ठाऊक असलेल्या गोष्टीची तयारी न करणं याला आपत्ती म्हणत नाहीत. तुमच्या रंगीत माहितीपत्रकात ड्रोन असतो, एलईडी वॉल असते, नवरा-नवरीला ढगातून आणणारा धूर असतो. खरे ढग आले तर आठशे माणसं कुठे उभी राहतील, याबद्दल चकार शब्द नसतो.

छताचंच बघा. वरून झालर, तिच्यावर सपाट ताणलेली ताडपत्री, आणि पाणी वाहून जायला उतार नाही. शंभर फूट लांब आणि साठ फूट रुंद मांडवावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ११ हजार लिटर पाणी होतं. एक मोठा टँकर. ते पाणी वाहून गेलं नाही तर ताडपत्रीच्या पोटात साचतं, आणि मग तुमच्याकडचा एखादा पोरगा बांबू घेऊन खालून ढोसत फिरतो. पाणी धबकन पडतं ते नेमकं पंगतीवर. त्याच वेळी गवतावरून गेलेल्या वायरी, काळी चिकटपट्टी गुंडाळलेले जोड आणि जनरेटरचा उघडा बोर्ड त्याच पाण्यात असतात. आणि नऊवारीतल्या बायका, अनवाणी पोरं त्यांच्यावरून ये-जा करत असतात. गळती होताच ३० मिलिअँपियरला वीज तोडणारा ईएलसीबी तुमच्या रोषणाईच्या बिलात किती रुपयांची भर घालतो? इथे थट्टा पुरे. राजस्थानातल्या भरतपूरला मे २०१७ मध्ये एका विवाहस्थळाची भिंत वादळात कोसळली आणि आडोशाला थांबलेली वीसहून अधिक माणसं मेली. जेवायला आलेली माणसं. वादळ कुणी आणलं नव्हतं, पण भिंत कुणीतरी बांधली होती आणि आडोसा म्हणून तेवढीच जागा उरली होती. तुमच्या आवारात आडोसा म्हणून काय उरतं, ते एकदा फिरून बघा.

तुम्ही म्हणाल, हवामान खात्याचा अंदाज कुठे खरा होतो? सहा महिन्यांपूर्वी काढलेल्या तारखेचा होत नाही, मान्य. पण पुढच्या तीन तासांत मेघगर्जनेसह पाऊस येईल, एवढा इशारा ते खातं जिल्हावार देतं, आणि विजेचा धोका सांगणारं पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप फोनवर फुकट मिळतं. तीन तासांत उघड्यावरच्या खुर्च्या आत नेता येतात, जेवण आधी उरकता येतं, ट्रसवरचे दिवे उतरवता येतात. फक्त हे ठरवायचा अधिकार असलेला एक माणूस जागेवर हवा. तुम्ही म्हणाल, मुहूर्त हलत नाही. आशीर्वाद द्यायला येणाऱ्या मान्यवरांची गाडी ओझरपर्यंत पोचली आहे, एवढ्या निरोपावर आपल्याकडे मुहूर्त तासभर हलतो. मग माइकवर तिघांची भाषणं होतात. ढगाला तेवढा मान द्यायला हरकत नसावी. आणि गिऱ्हाइकालाच मोकळं आभाळ हवं असतं, हा तुमचा हुकमी मुद्दा. हवं असतं, खरं आहे. पण आभाळ बिघडलं तर काय, हे त्याला दोन मुलींच्या लग्नांत दोनदाच विचारावं लागतं. तुम्हाला प्रत्येक तिथीला लागतं.

तरीही तुमच्यावर पुरतं चिडता येत नाही. तुमच्यापैकी अनेकांची लॉन्स वडिलोपार्जित शेतात उभी आहेत. गारांनी बाग झोपवली, कर्ज अंगावर राहिलं, म्हणून कुणी वेली उपटून हिरवळ लावली असेल, तर पावसाचा मार काय असतो हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात हिरवळ रिकामी, आणि २०२१च्या एप्रिलमध्ये तर सरकारने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास ठरवून दिल्यावर भर हंगामातही रिकामी. कायमचं छत घालायचं तर भांडवल लागतं, हेही कबूल. पण मग तुमचेच भाऊबंद द्राक्षबागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकतात ते काय फाजील पैसा आहे म्हणून? एका पावसात वर्षाची कमाई जाते, हा हिशोब त्यांनी मांडला आहे. घडांसाठी जो हिशोब मांडता येतो, तो माणसांसाठीही मांडा. सगळ्या हिरवळीवर नको. पंगत, मांडव आणि विजेचा बोर्ड यांच्यापुरतं पक्कं, उताराचं छप्पर घाला. आणि ते कलम पावतीच्या मागून पुढे आणा, मोठ्या अक्षरांत, जरा वेगळ्या शब्दांत: पाऊस आल्यास वऱ्हाड अमुक जागी बसेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वऱ्हाडी

ता. क. वधूपित्यांनो, ही ओळ लिहून मिळेपर्यंत इसार देऊ नका.