दिरांचे आठ माग

वहिनी, ऐकलं का? आमचे धाकटे दीर माग विकायला निघाले होते. हो की, आठच्या आठ, भंगाराच्या भावानं! म्हणे, आता युनिफॉर्म शिवायचे.

खूळ काही हवेतून आलेलं नाही हो. 2017 च्या जानेवारीत रेडिमेड कापड उत्पादक संघानं इथं युनिफॉर्मचं प्रदर्शन भरवलं. बाहेरगावचे व्यापारी सोलापुरात माल बघायला आले. तेव्हापासून शहराच्या पूर्वभागात ज्याला त्याला शिलाईच सुचायलीय. मला विचाराल तर खरी हुशारी गिऱ्हाईक दारात आणण्याची होती. दिरांच्या डोळ्यांत भरली ती मशिनं.

जाऊबाई मात्र पक्की. ताटात आमटी वाढता वाढता विचारलं तिनं, "युनिफॉर्मचं कापड आपल्या मागावर निघणार का?" निघतंय कुठलं! आपल्या मागावर टॉवेल निघतो, सुती. शाळेच्या पँटीला लागतं पॉलिस्टर मिसळलेलं कापड, ते येतं भिलवाड्यासारख्या ठिकाणाहून. म्हणजे मागाचं दुखणं तसंच राहिलं, वर दुसराच धंदा गळ्यात. दीर गप्प. आमटी गार.

मग दोघं वही घेऊन बसले. निघालं काय, तर माग बिचारे ठीक चाललेत, अडतंय ते पैशात. सूत महागलं तरी टॉवेलचा भाव वाढवून मिळत नाही, आणि व्यापारी पैसे देतो चार महिन्यांनी. तोवर सूतवाला उंबऱ्यावर बसलेला. आता मला सांगा, यात नवीन मशिन काय करणार? उधारीच जास्त विणून देईल!

चादरीचा विषय तर काढूच नका. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं मानांकन, मिळून वीस वर्षं झाली असतील, तरी पानिपतची हलकी चादर सोलापुरी म्हणून खपतेच की. पण त्यापायी कोर्टकचेरी करणं हे आठ मागवाल्याचं काम आहे का? ते मागवाल्यांच्या संघानं बघावं. जाऊबाईनं वहीतलं ते पानच उलटलं.

ठरलं असं, की माग विकायचे नाहीत. उधारीवाल्या दोन व्यापाऱ्यांचा माल बंद. त्यानं चार माग थांबले तरी चालतील, म्हणाली. उरलेल्यांवर निम्मे पैसे आधी देईल त्याचाच टॉवेल. दीर कुरकुरले, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. एक तुटलंच. दुसऱ्यानं मुकाट्यानं पैसे धाडले.

आणि शिलाईची हौस? तीही मोडली नाही तिनं. दोन मशिनं, एकच शाळा. शिवायला बायका आहेतच, विडी वळून बोटं झिजलेल्या कितीतरीजणी शिकायला तयार आहेत. पण आधी कापड आणायचं नाही, आधी मापं. मागच्या गल्लीतल्या त्यांचं माहितीय ना? अंदाजानं शिवलं सगळं. 24 नंबरचे शर्ट ढिगानं उरले, 32 चे पुरले नाहीत. जून सरला की पुढच्या जूनपर्यंत त्या शर्टांकडं कोण बघतंय! पैसा सगळा कपाटात घडी घालून.

दिरांनी तर माप घ्यायलाही माणूस ठेवायचा म्हटलं होतं. जाऊबाई म्हणाली, वर्गातल्या पोरी माणसाला माप देतील का नीट? सोमवारी स्वतःच निघालीय टेप घेऊन. हेडबाईंशी बोलणंही तिचंच झालंय. दिरांना सांगितलंय, तुम्ही फक्त आकडे लिहा.