पेरूच्या झाडाचे शिफ्ट इन्चार्ज

भोपाळच्या साकेतनगर-अवधपुरी भागात दर दोन-चार गल्ल्यांआड एक दाणेकाका राहतात. घर शोधायला पत्ता लागत नाही. जिथं शेजाऱ्याची गाडी बारा महिने कव्हरखाली असते, त्याच्या बाजूचं घर काकांचं.

काका भेलमधून निवृत्त झालेले. १९५६ साली भोपाळ राजधानी झालं, त्याच साली हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे पुढची भेल, स्थापन झाली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी घरं इथं येऊन रुजली. काका त्यांतल्या दुसऱ्या पिढीतले. जन्मभर ट्रान्सफॉर्मर तपासले. निवृत्तीनंतर तपासायला घरात फक्त काकू उरल्या; त्यांनी साफ नकार दिला, तेव्हा काकांची नजर अंगणातल्या पेरूवर गेली.

त्यात विलायतेतल्या लेस्टरहून मुलानं फोटो पाठवला: बर्फानं झाकलेली बाग, फांदीला टांगलेला चरबीचा गोळा, त्यावर लोंबकळणारं पाखरू. तिकडे १९७९पासून जानेवारीअखेर लोक तासभर खिडकीशी बसून बागेतले पक्षी मोजतात म्हणे. मोजायचं म्हटल्यावर काकांना राहवलं नाही.

दिवाळीनंतर स्वेटर निघाला की त्यांची ड्यूटी लागते. सकाळी सातची फर्स्ट शिफ्ट. कानाला मफलर, हातात बाजरी, कणी आणि शेंगदाण्यांचा डबा. फांदीला सुतळीनं टांगलेलं मातीचं परळ उतरवायचं, कालची टरफलं फुंकून टाकायची, बोटानं कड पुसायची, दाणे ओतायचे. सातभाई कलकलाट करत टोळीनं उतरले की हजेरी. "आज पाचच? बाकीचे कुठायत?" साळुंकीला लेट मार्क. बुलबुल व्हिजिटर. चिमण्यांना सगळं माफ; त्या पर्मनंट.

खारीचं नाव मात्र गेटवर काळ्या यादीत. तिला अडवायला काकांनी रीतसर ड्रॉइंग काढलं, मापं घेतली, गोविंदपुऱ्यातून पत्र्याचा उलटा शंकू करवून आणला आणि सुतळीत ओवला. खार कंपाउंडच्या भिंतीवरून थेट परळात उडी मारून बसली आणि दोन्ही हातांत शेंगदाणा धरून, काकांकडे बघत, निवांत खाऊ लागली. काकांनी शेरा मारला, "डिझाइन बरोबर आहे. खार चुकीच्या बाजूनं आली."

काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, तिला मूठभर शेंगदाणे आणि माझ्या पोह्यांत मोजून चार?"

काकांचा जीव सगळ्यात अडकतो तो थिरथिऱ्यात. हा काळसर, तांबूस पोटाचा पाहुणा लडाखसारख्या उंच मुलखातून हिवाळ्यापुरता खाली येतो. शेपटी सतत थरथरवण्याची त्याची सवयच आहे. काकांना ती हुडहुडी वाटते. "बिचारा कुडकुडतोय हो!" म्हणत ते त्याच्यापुढे बाजरीचा ढीग लावतात. तो ढिगाला वळसा घालतो, शेजारची मुंगी टिपतो आणि पुन्हा थरथरतो. लडाख सोडून आलेल्याला भोपाळची थंडी म्हणजे माहेरपण. शिवाय तो मुख्यतः किडेखाऊ. पण पाहुणा न जेवता गेला याचं काकांना दिवसभर वाईट वाटतं.

पारव्यांचं बरोबर उलटं. ते न बोलावता येतात, पोटभर जेवतात आणि पावती शेजारच्या वकीलसाहेबांच्या गाडीवर ठेवून जातात. २०२५मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद झाला, तेव्हापासून वकीलसाहेब त्या बातमीचं कात्रण खिशात घेऊनच फिरतात. "अंकल, इनकी बीट से फेफड़े ख़राब होते हैं!" काका शांतपणे सांगतात, "वो बंबई के कबूतर थे. ये अपने भेल के हैं."

रविवारी काका वनविहारात जातात. बड्या तलावाच्या काठावरच्या या राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांना खाऊ घालायला मनाई आहे. काका पाटी पूर्ण वाचतात आणि खिशातल्या खिशात बाजरी चाचपत फिरतात.

खरं सांगायचं तर भोपाळच्या जानेवारीत पाखरांचं काही अडत नाही. विलायतेत बर्फाखाली दाणापाणी गाडलं जातं, रात्र लांब, इवल्याशा जिवाची चरबी ऊब धरण्यातच संपते. तिथं तो गोळा जीव वाचवतो. इथं पहाटे पारा दहाच्या खाली गेला तरी दुपारी स्वेटर काढावा लागतो. पेरू पिकलेले, शेवगा फुललेला, गवतात किडे. परळातली बाजरी म्हणजे भरल्या पोटावरची बडीशेप. पाखरांची खरी परीक्षा मे महिन्यात. पारा चाळिशीपार, डबकी कोरडी, चोची वासलेल्या. तेव्हा दाण्यांपेक्षा सावलीतलं, रोज बदललेलं पाणी हवं.

आणि मे महिन्यात काका असतात लेस्टरला.

किल्ली कामवाल्या बाईंकडे. त्या अंगण झाडता झाडता परळ विसळतात, पाणी भरतात आणि पुढच्या घरी जातात. हजेरी नाही, शंकू नाही, स्टेटसला फोटो नाही. लेस्टरमध्ये काकांना चैन पडत नाही. ते व्हिडिओ कॉल लावतात, पेरू दाखवायला सांगतात, सातभाई मोजायचा प्रयत्न करतात. मग घसा खाकरून म्हणतात, "बाई, उनको बोलना, मैं जुलाई में आ रहा हूँ."

बाई फोन नीट चेहऱ्यासमोर धरतात. "पानी रख दिया है, अंकलजी. आपको तो कोई नहीं पूछ रहा."