एका 'नाही'ची गोष्ट

रत्नागिरीत जन्मलेल्या मुलाला तीन गोष्टी चुकत नाहीत: गोवर, कांजिण्या आणि १ ऑगस्टचं भाषण. पहिल्या दोन एकदा होऊन जातात. भाषण दरवर्षी येतं. लोकमान्य टिळक २३ जुलै १८५६ रोजी आमच्या गावात जन्मले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत गेले. जयंती आणि पुण्यतिथी यांत जेमतेम नऊ दिवस, म्हणजे जुलै उजाडला की घरोघरी पाठांतर सुरू. इतर गावांतली मुलं टिळकांवर बोलताना अडखळली तर चालतं. आमचं तसं नाही. टिळक आळीत त्यांचं घर उभं आहे. गावच्या माणसाबद्दल बोलताना ततपप केलं, तर शेजाऱ्याचं नाव विसरल्यासारखं होतं.

चौथीत माझी पाळी आली. माझ्या आधी अकरा जण बोलून गेले. बाहेर पाऊस कौलांवर असा कोसळत होता की ती मुलं टिळकांबद्दल बोलतायत की तिखटाबद्दल, कळायला मार्ग नव्हता. माझं नाव पुकारलं आणि पाऊस थांबला. कोकणातल्या पावसाला एवढी नाट्याची जाण आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

एका दमात मी अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि बालमित्र ओलांडले. जन्मतारीख ओलांडली. वर्गात पडलेल्या टरफलांपाशी आलो आणि समोर बघितलं. ते करायचं नव्हतं. चारशे डोळे. घशातलं पाणी कुणीतरी पंप लावून उपसल्यासारखं गेलं. तरी नेट लावून मी हात पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "तेव्हा टिळक बाणेदारपणे म्हणाले, गुरुजी, मी शेंगा खाल्ल्या."

पुढचं 'नाहीत' आलंच नाही. मी वाट बघितली. सभागृहाने वाट बघितली. लोकमान्यांनी भर पुण्यतिथीला गुन्हा कबूल केला होता आणि आता त्यांना सोडवणारं कुणी नव्हतं. शेवटी पुढच्या रांगेतले एक गुरुजी शांतपणे म्हणाले, "मग टरफलं उचल, बाळ."

गाव लहान. त्या दिवसापासून मी शेंगावाला झालो. मिरकरवाड्याला मासे आणायला गेलो तरी मागून प्रश्न यायचा, "काय रे, खाल्ल्यास का शेंगा?" मुंज लागली, नोकरी लागली, लग्न लागलं. मंगलाष्टकांनंतर बायकोच्या मामांना आमच्या एका काकांनी माझी ओळख करून दिली ती याच वाक्याने.

नंतर समजलं की यात माझा दोष कमी आणि शरीराचा जास्त. संकट आलं की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं. काळीज धडधडतं, पायांकडे रक्त धावतं, पचन थांबतं आणि तोंडाला कोरड पडते, कारण पळायच्या वेळी थुंकीचा काही उपयोग नसतो. परसात बिबट्या आला तर ही व्यवस्था उत्तम आहे, आणि आमच्याकडे परसात बिबट्या येतो, विहिरीतही पडतो. पंचाईत एवढीच की शरीराला बिबट्या आणि बालमित्र यांतला फरक कळत नाही.

उपाय सगळ्यांनी सांगितले. आजीने खडीसाखर दिली, रामरक्षा म्हणायला लावली. रामरक्षा मी घरी बिनचूक म्हणायचो, कारण ऐकायला फक्त राम असायचा. नात्यातल्या एका डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉलचं नाव काढलं. ही हृदयाच्या रुग्णांची गोळी, पण मोठमोठे वादकसुद्धा हात थरथरू नयेत म्हणून कार्यक्रमाआधी घेतात. दमेकऱ्यांना मात्र ती वर्ज्य, आणि मला वडिलोपार्जित म्हणून दोन हापूसची कलमं आणि दमा एवढंच मिळालेलं.

भाच्याने पुण्याहून हार्वर्डचं संशोधन आणलं. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स नावाच्या बाईंनी लोकांना परक्या माणसांसमोर गायला लावलं. 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावून काही साधत नाही. 'मला उत्साह आलाय' असं म्हणणारे बरे गातात, असं त्यांना आढळलं. निबंध २०१४ चा. मी सकाळी आरशासमोर तीनदा "मला उत्साह आलाय" म्हणालो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मग नारळ सोलून द्या."

'समोर चिरे मांडलेत असं समज,' हा सल्ला तर प्रत्येकाने दिला. पण रत्नागिरीच्या प्रेक्षकांच्या बाबतीत तशी कल्पना करावी लागत नाही. जांभ्याचा चिरा निदान उन्हात तापतो तरी. आमचा प्रेक्षक हाताची घडी घालून बसतो, विनोदाला हसायचं की नाही हे शेजाऱ्याकडे बघून ठरवतो आणि बाहेर पडताना म्हणतो, "वाईट नव्हतं." ही आमच्याकडची सर्वोच्च पदवी. तिच्या वर काही नाही. पु. लं.चा अंतू बर्वा रत्नागिरीतला निघाला, याचं बाहेरच्यांना कौतुक वाटतं. आम्हाला त्याच्यासमोर नाटक करावं लागतं.

आणि नाटक तर करावंच लागतं. गावच तसं आहे. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते, राजकारणावर बोलायची बंदी. त्यांनीही मग नाटकं लिहायला घेतली. मीही तिशीत एका हौशी संस्थेच्या नाटकात उतरलो. म्हणजे मला उतरवलं. पोस्टमनची भूमिका, दोन शब्द: "तार आहे." मग नायिकेच्या वडिलांनी तार वाचून छातीला हात लावायचा, खाली बसायचं आणि तिसऱ्या अंकाची सोय करून मरायचं.

तिसरी घंटा झाली. महिनाभर घोकलेले ते दोन शब्द मी विंगेत पुन्हा घोकत होतो. गांधीजींचीही मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात वाचा बसली होती. तीस रुपये फी परत करून ते बाहेर पडले, हे त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय. मी तसा बाहेर पडू शकत नव्हतो. मला कुणी फीच दिली नव्हती. मी रंगमंचावर गेलो, चिऱ्यांकडे बघितलं आणि म्हणालो, "तार नाही."

चौथीत गाळलेलं 'नाही' वीस वर्षांनी, नको तिथे, व्याजासकट परत आलं होतं. वडील छातीकडे नेलेला हात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. बिचारे मरणार कशावर? प्रॉम्प्टर इतक्या मोठ्याने "आहे! आहे!" ओरडला की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. बाहेर एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "शेंगांपेक्षा बरं होतं."

त्यानंतर पंधरा वर्षं मी प्रेक्षकांत बसलो. तिथली खुर्ची फार चांगली असते.

मग एका शिमग्याला आमच्या वाडीत नमनाच्या खेळाच्या आदल्या दिवशी घोटाळा झाला. संकासूर करणारा मुलगा मुंबईहून आला तो पाय मुरगळूनच. काळा पायघोळ झगा, काळी उंच टोपी, त्यातच झाकलेलं तोंड, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं असा तो वेष. तो अंगाला बसेल असा माणूस शोधताना सगळ्यांची नजर माझ्या पोटावर येऊन थांबली. मी नाही म्हणालो. हे 'नाही' अगदी वेळेवर आलं होतं, पण कुणी ऐकलं नाही. खेळ्यांतले सर्वांत वयस्कर भाऊ म्हणाले, "पाठांतर नाय, काय नाय. मृदुंगावर नाचायचं. आणि तोंड झाकलेलं. तुला वळखणार कोण?"

हा मुद्दा पटण्यासारखा होता. तरी मी मृदुंगवाल्याला म्हणालो, "मला दिसशील असाच उभा राहा, हलू नकोस." लंडनच्या नॅशनल थिएटरात ऑथेल्लो करताना लॉरेन्स ऑलिव्हिएची अशीच अवस्था होती. यागो झालेल्या फ्रँक फिनलेला त्याने विनवलं होतं की माझी स्वगतं चालू असताना मला दिसशील असा थांब. ज्याने नाटकात ऑथेल्लोचा घात करायचा, त्याचाच आधार! माझा मृदुंगवाला निदान सज्जन होता. तो म्हणाला, "भिऊ नको. चुकलास की जोरात थाप मारतो, कुणाला कळणार नाय."

रात्री अकराला मी मांडावर उडी मारली. पुढची पोरं किंचाळली. टोपीच्या दोन भोकांतून मला फक्त दिवे आणि शेंगा खाणारी तोंडं दिसत होती. मी घुंगरं वाजवली, गिरकी घेतली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी लोकांसमोर होतो आणि घशात पाणी होतं. तेवढ्यात बायकांतून एका काकूंचा आवाज आला, "अगो, चाल बघ! ह्यो तर आपला शेंगावाला!"

टोपी, दाढी, झगा, सगळं फुकट. मांड गदगदून हसला. मी जागच्या जागी थिजलो आणि बिबट्याची वाट बघत राहिलो.

तो आला नाही. काळीज थोडं धडधडून आपोआप जागेवर बसलं. यांना सगळंच ठाऊक होतं की! शेंगा ठाऊक, तार ठाऊक. हे लोक माझ्याकडून आजवर कधी कशाचीही अपेक्षा करत नव्हते, आणि छत्तीस वर्षं मी त्यांच्या अपेक्षांना घाबरत होतो. जी पत जाण्याची भीती, ती चौथीतच जाऊन बसलेली. मी मृदुंगाकडे बघितलं, हात पुढे केला आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणालो, "गुरुजी, मी शेंगा खाल्ल्या!"

थाप पडली. चूक झाकण्यासाठी होती तीच थाप, पण अशी नेमकी पडली की पुढचा अर्धा तास मी थांबलोच नाही.

पहाटे झगा उतरवत होतो तेव्हा काकू पाटी घेऊन निघाल्या होत्या. "वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण मागच्या वर्षीचा जास्त उडायचा." मी धन्य झालो. तोवर भाऊंनी माझ्या हातात खराटा दिला. मांडभर टरफलं पडली होती. त्या रात्री मी एकही शेंग खाल्लेली नव्हती. तसं मी त्यांना सांगितलंही.

"बरं," भाऊ म्हणाले, "त्या कोपऱ्यापासून सुरू कर."