पेनड्राइव्हकाका

प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. आमच्याकडचे तिसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त, चौकड्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाला खेटून एक पेनड्राइव्ह. त्यात लिनक्स. पोरांनी त्यांचं नावच पेनड्राइव्हकाका पाडलंय.

कॉम्प्युटर हळू चालतोय म्हणा, काका विचारणार, "लिनक्स टाकून देऊ?" व्हायरस शिरलाय म्हणा, टाकून देऊ? पंखा घरघरतोय, टाकून देऊ? एकदा मी नुसतं म्हणालो की कीबोर्डवर चहा सांडला, तर काकांचा हात खिशाकडे गेला. काकूंच्या भावाची बायपास चालू होती तेव्हा सगळे बाहेर जीव मुठीत धरून बसलेले. तेवढ्यात बिलाच्या खिडकीतलं मशीन अडकलं. काका उठले. काकूंनी शर्टाचं टोक धरून त्यांना खाली बसवलं.

कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्या ताईंना मात्र कोणी वाचवलं नाही. ऐन लग्नसराईत त्यांचं मशीन बिघडलं आणि काका देवासारखे (ताईंचाच शब्द, सकाळचा) धावून गेले. संध्याकाळी मशीन सुसाट चालत होतं. फक्त पेजमेकर नव्हता, आणि जुन्या फॉन्टमधल्या पत्रिका उघडल्या की 'चि. सौ. कां.' च्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं. काउंटरवर दोन वरबाप उभे. काका शांतपणे म्हणाले, "पेजमेकर कशाला? स्क्रायबस आहे ना! शिकायला किती, आठ दिवस." लग्न पाच दिवसांवर होतं. तेव्हापासून काका त्या फुटपाथवरून जात नाहीत.

माझा प्रिंटर रुसला तेव्हाही तेच. काकांनी काळी खिडकी उघडून तासभर आज्ञा टाइप केल्या. प्रिंटर ढिम्म. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी मला रिचर्ड स्टॉलमनची गोष्ट सांगितली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक लेझर प्रिंटर कागद अडकवून बसायचा. स्टॉलमनला त्याचा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा होता, पण मूळ संहिता द्यायला नकार मिळाला. त्या रागाचं पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत रूपांतर झालं, १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली. गोष्ट खरी आहे आणि काका ती सांगतातही रंगवून. पण मला आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती.

भक्ती म्हणजे भक्ती. म्युनिक महापालिकेनं २००३ साली लिनक्सवर जायचं ठरवलं तेव्हा काकांनी पेढे वाटले होते. २०१७ साली तिनं परत विंडोजवर यायचं ठरवलं, तेव्हा घरात सुतक. उबुंटूवाले एके काळी जगभर फुकट सीडी पाठवायचे. काकांनी त्या मागवून जिन्यात भेटेल त्याच्या हातात कोंबल्या. आज त्या आमच्या बाल्कन्यांत सुतळीला टांगलेल्या आहेत. कबुतरं येत नाहीत. अख्ख्या सोसायटीत लिनक्सचा एवढा परिणाम दुसऱ्या कोणावर झाला नाही.

गंमत म्हणजे लिनक्सला काकांची गरजच नव्हती. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोर्वाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं ते हौसेखातर सुरू केलं, आणि ग्नूसारखं काही मोठं होणार नाही असं स्वतःच कळवून टाकलं होतं. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. डीटीपीवाल्या ताई काकांना शिव्या देणारे मेसेज ज्या अँड्रॉइड फोनवरून पाठवतात, त्याच्याही पोटात लिनक्सच आहे. तिथे कोणी "टाकून देऊ का" विचारलं नव्हतं, म्हणून ते बिनबोभाट शिरलं. अडलं ते फक्त टेबलावरच्या कॉम्प्युटरशी, जिथे आजूबाजूला काका उभे असतात. दोष सगळा त्यांचाच असं नाही. दुकानातून मशीनच विंडोज घेऊन येतं, टॅलीवाला, डीटीपीवाला त्याच्याशी बांधलेला. पण बिचकत दाराशी आलेल्याला उंबऱ्यातच प्रवचन ऐकवलं, तर तो चपला घालून परतच जाणार. लिनक्सचा प्रचार करणाऱ्यांनी सभ्यपणे वागावं, अशी एक मार्गदर्शिका नव्वदच्या दशकातच निघाली होती. म्हणजे काका तिकडेही होते. खुद्द टोर्वाल्ड्सनं २०१८ साली आपल्या तिखट ईमेलांबद्दल माफी मागून काही दिवस सुट्टी घेतली. काकांनी अजून एकही सुट्टी घेतलेली नाही.

एकदा मात्र घ्यावी लागली. घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर बोलायला बंदी केली. त्याच सुमारास, विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून, कोणीतरी जुना लॅपटॉप भंगारात काढला होता. काकांनी तो उचलला, ब्रशनं धूळ काढली, पदरचे पैसे घालून रॅम वाढवली, लिनक्स टाकलं आणि वॉचमनच्या बारावीतल्या मुलीच्या हातात ठेवला. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली. मुलगी त्यावर महिनाभर अभ्यास करत होती, प्रोजेक्ट लिहीत होती, एकही तक्रार नाही. आत कोणती सिस्टीम आहे, मी विचारलं. ती म्हणाली, "काकांनी दिलीय ती."

मी हे काकांना सांगितलं आणि तिथेच चूक झाली. त्यांचा घसा त्याच दिवशी मोकळा झाला होता. "म्हणजे तिला माहीतच नाही? स्वातंत्र्य, मूळ संहिता, काहीच नाही?" असं म्हणत ते जिन्याकडे निघालेसुद्धा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं होतं की तळमळीचं, कळलं नाही. मुलीची दुसऱ्या दिवशी फिजिक्सची परीक्षा. मी त्यांचा हात धरून घरात आणलं, चहा टाकायला सांगितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन विचारलं, "काका, हे कर्नल म्हणजे नक्की काय असतं?"

रात्री साडेअकराला गेले.