दिवाळं निघाल्यावर रुबाब कसा राखावा?

गडगंज संपत्ती गमावूनही ताठ कसं राहावं, हे शिकायचं असेल तर ‘डाउन्टन ॲबी’ या ब्रिटिश मालिकेतल्या लॉर्ड ग्रँथमकडे शिकवणी लावावी. आयटीव्ही वाहिनीवर २०१२ साली आलेल्या तिसऱ्या पर्वात, म्हणजे कथेतल्या १९२० साली, हे गृहस्थ बुडतात. पहिला नियम इथेच मिळतो : बुडवायचा तो पैसा शक्यतो दुसऱ्याचा असावा. लॉर्डसाहेबांनी अमेरिकन पत्नी कोराच्या माहेरचा पैसा बहुतेक सगळा कॅनडाच्या ग्रँड ट्रंक रेल्वेत घातला. ही कंपनी खरोखरच होती, खरोखरच कर्जात रुतली आणि १९२३ साली सरकारी रेल्वेत विलीन झाली. त्यामुळे दोष बिनदिक्कत आगगाडीवर ढकलता येतो.

दुसरा नियम : गरिबीची व्याख्या आपणच करावी. वाडा विकायची वेळ आल्यावर हे कुटुंब ज्या ‘लहान’ घरात जायचं ठरवतं, त्यात एखादी शाळा सहज भरेल. ते घर पाहायला जातानाही मंडळी सहल काढतात. एकदा ऐन मेजवानीच्या संध्याकाळी ओव्हन बंद पडतो, तेव्हा थंड पदार्थ मांडून दिवाणखान्यातच वनभोजन उरकलं जातं आणि पाहुणे खूश होतात. थोरामोठ्यांची अडचण लोकांना हौस वाटते. गरिबाची मात्र हौसही उधळपट्टी ठरते. घर फिरलं की वासेही फिरतात, असं आपण म्हणतो. इथे वासे फिरत नाहीत, कारण ते खांद्यावर धरून उभं राहायला माणसं नेमलेली आहेत.

तिसरा नियम याच माणसांविषयी आहे. जावई मॅथ्यूला वारसाहक्काने मोठी रक्कम मिळते, पण आपल्या दिवंगत वाग्दत्त वधूच्या वडिलांचा हा पैसा घ्यायला त्याचं मन धजत नाही. तिने मरण्यापूर्वी वडिलांना लिहिलेलं, त्याची हरकत दूर करणारं पत्र सापडतं, तरी ते बनावट असावं असा त्याला संशय येतो. ते खरं असल्याची ग्वाही शेवटी कोण देतं? ते पत्र टपालात टाकणारी स्वयंपाकघरातली डेझी. म्हणजे मॅथ्यूचा पैसा वाड्याला मिळून उमरावाची इभ्रत वाचते ती मोलकरणीच्या शब्दावर. सारांश, पैसा गेला तरी प्रतिष्ठा टिकते. फक्त तिची किंमत इतरांना मोजावी लागते.

कुणी म्हणेल, हा सगळा लेखकाच्या सोयीचा योगायोग. पण मालिकेचं चित्रीकरण झालं त्या हायक्लिअर वाड्याचा त्या काळचा खरा धनी, पाचवा अर्ल ऑफ कार्नारव्हन, १८९५ साली अल्मिनाशी लग्न करून रॉथशिल्ड या बँकर घराण्याच्या पैशाला जोडला गेला. तिथे आधार मोलकरणीचा नव्हता, बायकोचा होता; नियम तोच. दुसरा आक्षेप असा, की लॉर्डसाहेबांना दुःख होतं ते खोटं का? मुळीच नाही, ते पुरेपूर खरं आहे. पण दुःखातून शहाणपण येतंच असं नाही : त्याच पर्वात पुढे ते अमेरिकेतल्या चार्ल्स पॉन्झी या ठकसेनाच्या योजनेकडे आशेने पाहतात. सुंभ जळला, पीळ शाबूत.

तेव्हा ही पद्धत अवलंबण्याआधी घरात एखादी डेझी आहे का, ते पाहून घ्यावं. सापडली नाही, तर बहुधा ती तुम्हीच आहात. मग पुढचं पत्र टपालात टाकण्याआधी पगारवाढीचं तेवढं बोलून घ्या.