वाढीव गुणांचा यमन

पलुस्करांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाण्याला प्रतिष्ठा मिळावी म्हणून. मिळाली की! आता दहावीच्या गुणपत्रिकेत गाण्याचे वाढीव गुण मिळतात. यमन खरा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. पण तेव्हा गणिताचा क्लास, म्हणून तो सकाळी साडेसहाला, दप्तर पाठीला लावूनच. यमनात मध्यम तीव्र, हे चिरंजीवांच्या वहीत सुवाच्य अक्षरात आहे. गळ्याला अजून कळवलेलं नाही. ‘प्रवेशिका पूर्ण’चा निकाल लागताच आई विचारते, “आता पेटी विकायची का?” बाई म्हणतात, थांबा, मध्यमा आहे अजून. तोवर पोरगा कानात इअरफोन खुपसून रॅप ऐकत, टेबलावर अचूक ठेका धरून बसलेला. आई खेकसते, “बंद कर ते गाणं, रियाजाला बस!”